मेलखाली माणसाची सही असेल, तर उत्तरही माणसापर्यंत पोचलं पाहिजे. पटतंय का?

निळी शाई
मार्केटिंगमध्ये काम करणाऱ्यांचं आणि ते मेल ज्यांच्याकडे जातात त्यांचंही मत हवंय, म्हणून धागा काढतेय.

आपोआप जाणाऱ्या मेल-मेसेजना माझा विरोध नाही. ऑर्डर निघाली, पैसे जमा झाले, मुदत संपत आली, हे कळवायला माणूस बसवून ठेवायची गरज नाही. यंत्रणा ते काम वेळेवर आणि न कंटाळता करते. आक्षेप आहे तो सोंगाला. मेलखाली कुणा बाईचं नाव, हुद्दा, शेजारी हसरा फोटो. मजकूर असा, की सकाळी बसून तिने तो खास तुमच्यासाठी लिहिलाय. तुम्ही उत्तर दिलं नाही की दोन दिवसांनी दुसरा: ‘माझा मेल कदाचित तुमच्या नजरेतून सुटला असेल.’ तिसऱ्याच्या विषयाआधी ‘आरई:’ चिकटवलेलं, म्हणजे आपलं आधी काही बोलणं झालंय असं वाटावं. आणि उत्तर लिहायला घ्यावं तर पत्ता नो-रिप्लाय, म्हणजे उत्तर न स्वीकारणारा!

माझं म्हणणं असं: माणसाचं नाव लावायचं असेल तर उत्तर त्या माणसाकडे जावं आणि त्याने ते वाचावं. जमत नसेल तर कंपनीच्या नावाने पाठवा आणि हा मेल आपोआप गेलाय असं खाली लिहा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

हिशेबी
ऐकायला छान आहे, पण धंदा चालवून बघा. आमची टीम छोटी, यादी मोठी. कंपनीच्या नावाने मेल गेला तर लोक उघडत नाहीत, माणसाच्या नावाने गेला तर उघडतात. आम्ही दोन्ही पाठवून पाहिलंय. छापील पत्रांच्या काळातही खाली संचालकांची सही छापलेलीच असायची. ती त्यांनी हाताने केलेली नाही हे घेणाऱ्याला ठाऊक असायचं. वाचकाला इतकं भोळं समजू नका.

निळी शाई
@हिशेबी, वाचकाला ठाऊकच असतं म्हणता, मग ‘माझा मेल सुटला असेल’ हे वाक्य कशासाठी घालता? त्याला ते खरं वाटावं म्हणूनच ना? छापील सहीच्या पत्रावर कंपनीचा पत्ता असायचा आणि त्या पत्त्यावर लिहिलेलं कुणीतरी उघडायचं. खोट्या ‘आरई:’बद्दल तर वादच नको. जाहिरातीच्या मेलचा विषय फसवा असता कामा नये, हे अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यातसुद्धा आहे.

पिंगळा
‘लोक उघडतात’वर एक तांत्रिक मुद्दा. मेलमध्ये दडवलेलं इवलंसं चित्र लोड झालं की मेल ‘उघडला’ अशी नोंद होते. २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय आणली. ज्यांनी ती चालू केलीय त्यांच्याकडे ही चित्रं आधीच, परस्पर उतरवली जातात, माणसाने मेल बघितला असो वा नसो. तेव्हा त्या आकड्यावर सोंगाचं समर्थन उभं करू नका. उत्तरं किती आली आणि ‘मला यादीतून काढा’ म्हणणारे किती, ते मोजा.

दुसरी बाजू
मला मूळ मांडणीच खटकतेय. माणूस म्हणजे आपुलकी आणि यंत्र म्हणजे फसवणूक, असं कुणी ठरवलं? मी फोनवर विक्री केलीय. महिनाअखेरीला टार्गेट डोक्यावर असताना माणूस काय काय बोलतो ते मी जवळून पाहिलंय. ‘घरचे कसे आहेत?’ हे वाक्यसुद्धा स्क्रिप्टमध्ये लिहिलेलं असायचं, पुढे किती सेकंद थांबायचं त्यासकट. ‘पुन्हा फोन करू नका’ म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच मुलाचा फोन जायचा.

१९७८ साली अर्पानेटवर, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावर, एका संगणक कंपनीने शेकडो लोकांना न विचारता जाहिरात पाठवली, तेव्हा कुठलं ऑटोमेशन होतं? छापील यादीतले पत्ते माणसाने बसून टाईप केले होते. उलट यंत्रणेला एकदा ‘थांब’ सांगितलं की ती थांबते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एका क्लिकवर नाव काढण्याची सोय आणि ०.३ टक्क्याच्या खाली तक्रारी, अशी अट घातली. याहूनेही तशीच पावलं उचलली. त्यानंतर कित्येकांनी याद्या साफ केल्या. हे सद्बुद्धीने झालं नाही, नियम यंत्रात बसवला म्हणून झालं. तुम्हाला नीतीच हवी असेल तर ऑटोमेशन वाढवा.

निळी शाई
फोनवरच्या विक्रीबद्दल तुम्ही म्हणता ते पूर्ण मान्य. पण ‘घरचे कसे आहेत?’ ही स्क्रिप्ट आणि यंत्राचं ‘माझा मेल सुटला असेल’ यांत मला फरक दिसत नाही. दोन्हीकडे नसलेली आस्था विकली जातेय. माझा आक्षेप त्यालाच आहे.

सपोर्टवाली
मी ग्राहकसेवेत आहे. या मेलची उत्तरं शेवटी आमच्याकडे येतात. किंवा येत नाहीत, ते सांगते.

एका जुन्या ग्राहकाची वर्गणी संपत आली, म्हणून नूतनीकरणाचा मेल गेला. खाली माणसाचं नाव होतं. त्यांच्या पत्नीने त्याच दिवशी उत्तर पाठवलं: ‘हे मागच्या महिन्यात गेले. कृपया त्यांचं नाव काढून टाका.’ ते उत्तर ज्या खात्यात पडलं ते कुणीच उघडत नव्हतं. पुढे ठरल्याप्रमाणे स्मरणपत्र गेलं, मग सवलतीचं, आणि शेवटी पहिल्या नावाने हाक मारून ‘तुमची उणीव भासते आहे’ असं. मग बाईंनी फोन केला. आवाज चढलेला नव्हता. ‘मी लिहिलेलं तुम्हाला मिळालं नाही का?’ एवढंच विचारत होत्या.

तो शेवटचा मजकूर कुणीही वाईट हेतूने लिहिला नव्हता. लिहिणाऱ्याला तो कुणाकडे जाणार हे माहीत नव्हतं आणि पाठवणाऱ्या यंत्रणेला उत्तर आलंय हे माहीत नव्हतं. त्यानंतर आमच्याकडे नियम झाला: कुठल्याही मेलला काहीही उत्तर आलं की त्या नावाचे पुढचे सगळे मेल थांबतात आणि माणसाने उत्तर वाचून मोकळे केल्याशिवाय सुरू होत नाहीत. ही सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून असते. कुणी चालू करत नाही.

हिशेबी
@सपोर्टवाली, हे वाचून वाईट वाटलं. उत्तर आलं की थांबायचं, हे मान्य. आजच आमच्याकडे तपासतो.

नावाचा मुद्दा मात्र सोडत नाही. आता एआय प्रत्येकाला वेगळा मेल लिहितं आणि उत्तरालाही लगेच, नीट उत्तर देतं. त्या बाईंना एआयने मिनिटभरात ‘नाव काढलं आहे, तसदीबद्दल क्षमस्व’ असं कळवलं असतं तर ते चांगलंच झालं असतं ना? कुणी लिहिलं याने काय बिघडतं?

पिंगळा
कुणी टाईप केलं याने कदाचित बिघडणार नाही. शब्द पाळायला कोण बांधील, याने बिघडतं. एअर कॅनडा या विमान कंपनीचं प्रकरण आठवा. जवळचं माणूस गेल्यामुळे प्रवास करणाऱ्याला त्यांच्या चॅटबॉटने सांगितलं, की सवलत प्रवासानंतरही मागता येईल. कंपनीच्या नियमात तसं नव्हतं. पैसे नाकारले आणि वर बचाव असा, की चॅटबॉट जे बोलला त्याला तोच जबाबदार. ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये हा बचाव फेटाळून भरपाई द्यायला लावली.

आणि सांगण्याचं म्हणाल, तर विक्रीसाठी बॉट वापरताना तो माणूस असल्याचं भासवणं कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून बेकायदा आहे. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या एआय कायद्यातही समोर यंत्र आहे हे सांगण्याचं बंधन घातलंय.

कोपऱ्यातला वाचक
मी ग्राहक म्हणून बोलतो. नाव खोटं असलं तरी मी सोडून देतो. ‘काल रात्री तुम्ही हे पान पुन्हा पाहिलंत, काही अडचण आहे का?’ असा मेल आला की मात्र अंगावर येतं. मी जे तुम्हाला सांगितलं ते वापरा. माझ्या पाठीमागे उभं राहून जे टिपलं ते नको.

दुसरी बाजू
पण मग सगळ्यांना सगळंच पाठवावं लागेल, त्यालाही तुम्हीच कावणार.

कोपऱ्यातला वाचक
विचारा की. ब्लूम अँड वाइल्ड या फुलं पाठवणाऱ्या ब्रिटिश कंपनीने २०१९ मध्ये ग्राहकांना विचारलं, मदर्स डेचे मेल तुम्हाला नको आहेत का? ज्यांना नको होते त्यांनी कळवलं, त्यांचे बंद झाले. कुणाची आई नाही हे तिथे यंत्राने हुडकून काढलं नाही. आणि ‘नको’ म्हणणाऱ्यांना वगळलं ते अर्थात ऑटोमेशननेच.

निळी शाई
हे उदाहरण फार चांगलं आहे. @हिशेबी, आता मी आणखी पुढे जाऊन म्हणते: जेवढ्यांची उत्तरं वाचता येतील तेवढ्यांनाच माणसाच्या नावाने मेल पाठवा. बाकीच्यांना कंपनीच्या.

हिशेबी
तेवढ्याशा यादीवर आमचं घर चालत नाही. उत्तरं वाचायला एक माणूस ठेवायचा तर त्याचा पगार कुठून काढू? हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही.

सपोर्टवाली
@हिशेबी, तुम्हाला वाटतं तेवढी उत्तरं येत नाहीत. आली त्यातली पुष्कळशी ‘मी रजेवर आहे’ छापाची, ती यंत्र बाजूला काढतं. उरलेली आम्ही आळीपाळीने सकाळी पहिल्यांदा बघतो. ज्याची पाळी त्याचंच नाव त्या दिवशीच्या मेलखाली जातं. त्यासाठी वेगळा माणूस घ्यावा लागला नाही. मजकूर लिहिणाऱ्यांनाही पाळी लावलीय. त्यांनी आठवडाभर उत्तरं वाचली आणि ‘उणीव भासते आहे’वाला मेल स्वतःहून काढून टाकला.