नवीन व्हील्स, एअरो हेल्मेट, तरी हाफचा टाइम वाढला?

सायकलवेडा
मंडळी, मागच्या वर्षीचीच हाफ आयर्नमॅन (१.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळणं) यंदा परत केली, कोर्स तोच. मधल्या काळात डीप रिम व्हील्स (हवा कापणारी, रुंद कडांची चाकं), एअरो हेल्मेट, कार्बन प्लेटवाले शूज सगळं आलं, बाइकची ॲव्हरेज पॉवरही थोडी जास्तच दिसतेय, तरी टाइम ११ मिनिटांनी वाढलाय. पाणी गरम म्हणून वेटसूट (पोहण्याचा रबरी सूट) नाही, बाइकला वारा, रनला कडक ऊन. आता यात गिअरने किती दिलं आणि हवेने किती खाल्लं हे कसं कळायचं?

पाणमांजर
स्विमची तुलना सोडूनच दे. वेटसूट अंगाला वर उचलतो, त्यामुळे ज्याचे पाय बुडतात त्याला जास्त फायदा, मुरलेल्या स्विमरला कमी. आयर्नमॅनच्या नियमात २४.५ डिग्रीच्या वर वेटसूट घातला तर एज-ग्रुपचं (वयोगटाचं) पोडियम हातचं जातं. शिवाय बॉय (मार्ग दाखवणारे तरंगते फुगे) दरवर्षी त्याच जागी कुठे असतात, पाण्याला करंट असला तर विचारूच नको.

वॅटमीटर
वाऱ्याचं गणित लोकांना खरंच वाटत नाही, जाताना समोरून लागला तर येताना पाठीवर, म्हणजे फिट्टंफाट असं धरतात. करून बघ की. वारा नसताना ताशी ३० ने ९० किमी, म्हणजे बरोबर ३ तास. आता जाताना २५ आणि येताना ३६ धर, सरासरी काढली तर साडेतीस येते, पण पहिल्या ४५ किमीला १ तास ४८ मिनिटं, परतीला १ तास १५, एकूण ३:०३. स्लो बाजूलाच जास्त वेळ जातो ना. आणि वेग वाढवायला लागणारी पॉवर साधारण वेगाच्या घनात वाढते, म्हणून पाठीवरचा वारा सगळं परत देत नाही. तुझी व्हील्स काम करतच असणार, पण हवेला अडतं ते मुख्यतः आपलं अंग, त्यामुळे व्हील्सच्या आधी पोझिशन बघ, ९० किमी एअरोबारवर (पुढे झुकून कोपरं टेकायच्या हँडलवर) टिकतोस का, का तासाभराने मान दुखून उठून बसतोस?

लांबपल्ला
+१. रनबद्दल माझं मत, उन्हापुढे शूज फार पुरत नाहीत. २०१७ ला नाइकीचे कार्बन प्लेटवाले व्हेपरफ्लाय आले तेव्हाचे ४ टक्के हे रनिंग इकॉनॉमीचे (त्याच वेगाला लागणाऱ्या ऊर्जेचे), लॅबमधले, चांगल्या वेगात पळणाऱ्यांचे. टाइम ४ टक्क्यांनी कमी होतो असा त्याचा अर्थ नाही, आणि प्रत्येकाला सारखा फायदाही नाही. उन्हात रक्त कातडीकडे वळतं, घामाने आणखी कमी होतं, मग त्याच पेसला हार्ट रेट चढत जातो आणि शेवटी पेस सोडावाच लागतो.

घड्याळापेक्षा रिझल्ट शीट बघ. दोन्ही वर्षांच्या तुझ्या एज-ग्रुपमध्ये अगदी मधल्या नंबरावरच्या माणसाचे स्विम, बाइक, रनचे स्प्लिट (वेगवेगळे टाइम) काढ, तुझ्याशी लाव. त्यातून दिवस कसा होता ते कळतं.

सायकलवेडा
लगेच काढलं!! मधल्या नंबरचा टाइम १९ मिनिटांनी वाढलाय, बाइकला मी बराच वर सरकलोय, रनला जवळपास तिथेच. म्हणजे खूप बरं वाटलं. पण फील्ड, म्हणजे भाग घेणारी माणसंच बदलली असतील तर?

लांबपल्ला
दोन्ही वर्षी धावलेली नावं तेवढीच घे. थोडी असली तरी चालतील, माणसं तीच राहतात.

वॅटमीटर
आणि टी१, टी२ (स्विम ते बाइक आणि बाइक ते रन या बदलांचे टाइम) वेगळे काढ, ट्रान्झिशनची जागा हलवली असेल तर तिथेच एखादं मिनिट लपलेलं असतं.