ठाण्याच्या दैनिकांच्या जुन्या फायली: स्कॅनिंगचा खर्च महापालिकेने करावा का?

नौपाडेकर:
मागच्या आठवड्यात घराच्या कागदपत्रांसाठी १९८४ सालची एक जाहीर नोटीस शोधत होतो. एका वाचनालयात इथल्याच एका दैनिकाची बांधीव फाईल मिळाली. पान उलटलं तर वरचा कोपरा हातातच आला, चहाच्या रंगाचा, पापडासारखा. हवी होती ती नोटीस सापडली, पण तिच्या खालच्या चार ओळी गेलेल्या. नेमका सर्व्हे नंबर त्यातच होता.
ठाण्याला रेल्वे १८५३ ला आली, नगरपालिका १८६३ ला झाली आणि १८६६ ला काशिनाथ विष्णु फडके यांनी इथून 'अरुणोदय' साप्ताहिक काढलं. पुढे १९७५ साली, आणीबाणीच्याच वर्षी, नरेंद्र बल्लाळांनी 'ठाणे वैभव' दैनिक सुरू केलं. वागळे इस्टेट या कारखान्यांच्या वसाहतीतल्या गेटसभा, कुठल्या कंपनीत किती दिवस संप चालला, कुठल्या गल्लीत नळाला पाणी नाही, हे मुंबईच्या पेपरांत दोन ओळींत यायचं, नाहीतर यायचंच नाही. कारखान्यांच्या जागी आता आयटीच्या इमारती आहेत. त्या कामगारांचं ठाणे या फायलींत उरलंय आणि फायलींचा भुगा होतोय. महापालिकेने खर्च करून त्या स्कॅन कराव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

वाशीकर:
पूर्ण विरोध. दैनिक ही खाजगी मालमत्ता आहे. मालकाने स्वतःच्या फायली सांभाळल्या नाहीत, त्याचा भुर्दंड करदात्याने का सोसायचा? दुसरं, तुम्ही ज्याला शहराचा इतिहास म्हणता तो कुणाच्या पैशावर छापला गेला? स्थानिक दैनिकाची चूल निविदा आणि सरकारी जाहिरातींवर पेटते. ज्याच्याकडून जाहिरात येते त्याच्याविरुद्ध किती छापणार? आमच्या सोसायटीने पाणीटंचाईवर पत्र लिहिलं होतं. एका स्थानिक पेपरने ते तीन आठवडे ठेवून परत केलं. त्याच तीन आठवड्यांत पाणीपुरवठा खात्याच्या निविदा त्यांच्या पानापानावर होत्या. जे छापलंच नाही ते स्कॅन करून सापडणार आहे का?

जुना जुळारी:
वाशीकर साहेब, तुमचं खोटं नाही. मी छापखान्यात अकरा वर्षं खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. रात्री नऊनंतर निविदा आली की आधी तिला जागा द्यायची, बातमी उचलून बाजूला. कधी गटाराची बातमी जायची, कधी शाळेच्या गॅदरिंगची. अग्रलेख मात्र कधी उचलला नाही, मालक स्वतः प्रूफ बघायला बसायचे.
पण एक सांगतो. दहावीचा निकाल आला की आम्ही बैठक क्रमांक जुळवायचो, आकडा आणि आकडा. खिळे उलटे वाचावे लागतात. सहाचा नऊ झाला तर एखाद्या घरात रडारड. त्यामुळे ते पान तिघांनी तपासल्याशिवाय मशीनवर चढत नसे. त्यात माझ्या धाकट्या बहिणीचाही नंबर होता, मीच जुळवलेला. ती फाईल आता कुठे असेल, ठाऊक नाही. जाहिरातीसाठी आम्ही वाकलो असू, पण ते आकडे खरे होते.

वकील, कोपरी:
दोन कायदेशीर बाबी. पुस्तकांच्या प्रती सार्वजनिक ग्रंथालयांना देण्याचा १९५४ चा कायदा आहे, त्यात १९५६ साली दुरुस्ती होऊन वर्तमानपत्रंही आली. प्रकाशकाने अंक ठरलेल्या चार ग्रंथालयांना पाठवायचे असतात: कोलकाता, चेन्नई, मुंबई आणि दिल्ली. न पाठवल्यास दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. एवढ्या दंडाला कोण घाबरणार? त्यामुळे "सरकारकडे प्रत असेलच" असं धरून चालू नका.
हक्कांचं म्हणाल तर नाव न छापलेल्या मजकुराचे हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतात. नावानिशी लिहिणाऱ्याचे त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी. 'अरुणोदय' आज कुणीही स्कॅन करू शकतो. १९८४ ची फाईल मात्र मालकाच्या संमतीशिवाय लोकांसाठी खुली करता येणार नाही.
आणि वाशीकर, ज्या नोटिशींना तुम्ही धंदा म्हणताय, आम्हाला कोर्टात त्याच लागतात. वारस कोण, जागा कुणी कुणाला विकली, हरकतीसाठी किती दिवस दिले होते, सगळं तिथेच. पुनर्विकासाच्या निम्म्या भांडणांत आम्ही पहिल्यांदा जुना पेपर मागतो.

वाशीकर:
नोटिशींचं पटलं. ती सार्वजनिक नोंद आहे, मान्य. बहिणीच्या नंबराचं वाचून थांबलो थोडा वेळ, खरं सांगतो. पण मूळ हरकत कायम आहे. महापालिकेने पैसे घातले तर कुठली वर्षं आधी स्कॅन होणार हे महापालिकाच ठरवणार. एखाद्या घोटाळ्याचं वर्ष असेल तर ते रांगेत शेवटी जाईल. पैसा तिचा नको.

नौपाडेकर:
रांगेचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मग खर्च महापालिकेचा, पण क्रम ठरवायला वाचनालय आणि इतिहासाचे प्राध्यापक, आणि मालकाची लेखी संमती आधी. सगळ्यात जीर्ण फाईल पहिली, वर्ष कुठलंही असो. आणि बांधणी उलगडून पानं सपाट दाबायची नाहीत, वरून कॅमेऱ्याने फोटो घ्यायचे. मी हाताळलेली फाईल दाबली तर तिथेच संपेल.

वाशीकर:
जीर्ण आधी, हा क्रम चालेल मला. पैशाबद्दल अजून नाही. रहिवासी संघ, माजी विद्यार्थी, वकील मंडळी यांच्याकडून वर्गणी गोळा करू, मी माझी देतो. महापालिकेकडे अर्ज केलात तर त्यावर माझी सही मिळणार नाही.

जुना जुळारी:
सही माझी घ्या, वर्गणीही घ्या. आणि कॅमेऱ्यासमोर पानं उलटायला माणूस लागेल. मला तो कागद कसा धरायचा ते माहीत आहे. रविवारी मोकळा असतो.