इथं शरद असतो, की नुसती ऑक्टोबर हीट?

शहापूरची गच्ची (धागाकर्ती)
ताईनं काल बॉस्टनहून मेपलचे फोटो पाठवले. लाल, शेंदरी, हळदी. खाली एक ओळ : "तुमच्या बेळगावात काय, बारा महिने हिरवंच!" मनाला लागलं. खिडकीतून बघितलं तर खरंच, आंबा हिरवा, नारळ हिरवा, शेजाऱ्यांचं प्लास्टिकचं तोरणसुद्धा हिरवं.
पण आज सकाळी येळ्ळूरच्या रस्त्यानं गेले. भात निसवलंय, राजहंसगडाच्या बाजूनं पिवळं पडत चाललंय. एक दाणा दाताखाली दाबला, अजून दूध निघतं. बांधावर दव इतकं, की चपला भिजल्या. माझं म्हणणं एवढंच : आपला शरद झाडावर बघू नका, शेतात बघा. पटतंय का?

दुसरं गेट, टिळकवाडी
अजिबात नाही. हा शरद फक्त दिवाळी अंकात असतो. दुपारी बाराला रेल्वेचं गेट पडलं, की हेल्मेटमध्ये डोकं शिजतं. पाऊस उघडलेला, जमीन ओली, वर निरभ्र ऊन. नुसता घाम. जुन्या लोकांनी उगाच 'वैद्यानां शारदी माता' म्हटलंय? पित्त आणि ताप यांच्या जिवावर वैद्याचं घर चालायचं. ऋतूची मजा म्हणे!

शहापूरची गच्ची
त्याच जुन्या लोकांनी आशीर्वाद 'शंभर शरद जग' असा दिलाय, शंभर उन्हाळे नाही.

खानापूरचा रानवाट्या
दोघंही थोडं थांबा. मुळात शरद आणि पानगळ या आपल्याकडं दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉस्टनला जूनमधला दिवस सव्वापंधरा तासांचा, डिसेंबरातला नऊ तासांचा. दिवस आखडला, गारठा आला, की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून कामाचं तेवढं काढून घेतं. पिवळा आधीपासून आत असतोच, तो मग दिसतो. मेपलचा लाल मात्र त्याच वेळी नव्यानं बनतो. आपल्याकडं दिवसाच्या लांबीत फरक जेमतेम दोन तास, आणि झाडाला धास्ती गारठ्याची नसून पाण्याची. म्हणून साग, पळस झडतात ते शिशिरात. लालीसुद्धा आपल्याकडं उलटी : मार्चमध्ये कुसुमाची पालवी बघा, मेपल झक मारतो. ताईला तेव्हा फोटो पाठवा.
आणि ऑक्टोबरात रंगच हवा तर जांबोटीच्या पुढं जा. सोनकी अजून असेल, कारळ्याचं पिवळं शेत तर नक्की.

निपाणीकर
आमच्याकडं पानाचा रंग बघतात तो तंबाखूच्या. पानावर तांबूस ठिपके चढले, की माल पिकला. त्याला जानेवारी उजाडतो. बाकी निपाणीत 'शरद' म्हटलं, की जुन्या माणसांना ऋतू नाही, १९८१ चं तंबाखू आंदोलन आणि शरद जोशी आठवतात 😄

कंग्राळीची सून
"शेतात बघा" म्हणे. आमचं शेत बघायला या की. परवा रात्री परतीचा पाऊस झोडपून गेला. कापणीला आलेलं भात आडवं झालंय, लोंब्या चिखलात टेकल्यात. दोन-तीन दिवस ऊन पडलं नाही तर लोंबीवरच मोड येतात, मग तो दाणा कोंबड्यांनाच. पेंडी उचलताना खालनं पाणी गळूलंय. दादा, तुम्हाला गेटवर नको असलेलं ते ऊन आमच्याकडं पाठवा, आम्हाला पाहिजेच आहे.
ताई, तुम्ही दव बघितलंत, छान. मी आभाळ बघते.

दुसरं गेट, टिळकवाडी
वहिनी, तुमच्यापुढं बोलत नाही. ऊन घेऊन जा, पोतं भरून. पण मग ही मजा कुणाची म्हणायची? ज्याचं शेत नाही त्याचीच ना?

कंग्राळीची सून
तसंही नाही हो. नवरात्रात रताळी काढली, रात्री चुलीतल्या निखाऱ्यात चार पुरली. वरची साल करपते, आत मध. त्या वेळी बाहेर जो गार वारा सुटतो, तो ना पावसाळ्यातला ना थंडीतला. मला तो आवडतो. नावं तुम्ही शिकलेल्यांनी ठेवा.

निपाणीकर
रंगाचं म्हणाल तर १ नोव्हेंबरला बेळगावात कमी असतात का? एकीकडं राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडं सीमाप्रश्नाचे काळे.

खानापूरचा रानवाट्या
१९५६ ला गेलात तर धागा उद्या पाचशे प्रतिसादांवर जाईल. पानांवर या. शिलंगणाला आपण आपट्याचं हिरवं पानच 'सोनं' म्हणून हातावर ठेवतो, रंग बदलायची वाट कोण बघतो? (निम्म्या वेळा ते कांचनाचं असतं, तो वेगळा विषय.)

शहापूरची गच्ची
वहिनी, दव बघून मी जरा जास्तच हुरळले होते, कबूल. आज दुपारी मात्र वर ऊन कडक आहे. पेंड्या वाळल्या का, कळवा.
आणि गंमत : स्कूटरच्या सीटवर परसातल्या बदामाचं एक पान पडलं होतं. अर्धं लालभडक, अर्धं हिरवं, मधे शिरेपाशी पिवळं. फोटो ताईला पाठवला. उत्तर आलं : "पान राहू दे, कुंदा पाठव."