मदत हवी आहे : नानांचं "म्हणे" इंग्रजीत कसं न्यायचं? "इज सेड टू" किती वेळा चालतं?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, माहेर दांडिया बाजारात. प्रश्न तसा व्याकरणाचा आहे पण थोडं मागचं सांगावं लागेल, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, नाना, ८४ वर्षांचे आहेत. त्यांनी जुन्या बडोद्याबद्दल एक जाडजूड वही भरून लिहून ठेवलंय, घरच्यांसाठीच. माझ्या भाचीची मुलं कॅनडात वाढतायत, मराठी बोललेलं कळतं पण वाचता येत नाही, म्हणून मी ती वही इंग्रजीत करायला घेतलीय. माझं शिक्षण गुजराती मीडियममधलं, पुढे बँकेत नोकरी, त्यामुळे इंग्रजी पत्रं ढिगाने लिहिलीत पण असं गोष्टीसारखं कधी नाही.

अडलंय ते "म्हणे"वर. नानांचा नियम असा की स्वतः पाहिलेलं किंवा पक्कं माहीत असलेलं सरळ लिहायचं आणि कानावर आलेलं असेल तर "म्हणे" लावल्याशिवाय सोडायचं नाही. १८७५ साली कवळाण्याहून तीन भावांना बडोद्याच्या गादीला दत्तक घेण्यासाठी आणलं हे ते सरळ लिहितात. पण इथे कशाला आलास असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळ (तेच पुढे आपले सयाजीराव) म्हणाला "राज्य करायला", तिथे "म्हणे" आहे. लक्ष्मी विलासचा मूळ आर्किटेक्ट मँट १८८१मध्ये गेला, चिझमने काम पुढे नेलं, १८९०ला राजवाडा पुरा झाला, हे सगळं सरळ. पण आपला हिशेब चुकला, इमारत कोसळणार, या धास्तीने मँटने जीव दिला, तिथे परत "म्हणे".

मी सगळीकडे "इज सेड टू" लावत गेले. पहिल्या ३० पानांत २६ वेळा झालं. भाचीने ते तिच्या कॉम्प्युटरवर तपासलं तर सॉफ्टवेअरने एकूणएक ठिकाणी खाली रेघ मारली, पॅसिव्ह आहे बदला म्हणून. मग मी काही ठिकाणी "पीपल से" केलं आणि एकदोन ठिकाणी काढूनच टाकलं. काल नानांना वाचून दाखवताना "मँट किल्ड हिमसेल्फ" आलं आणि ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "हे मी लिहिलेलं नाही." मला फार लागलं ते, कारण खरंच त्यांनी तसं लिहिलेलं नाही.

तर "इज सेड टू" लिखाणात चुकीचं धरतात का, आणि "हॅव" कुठे लावायचं, कुठे नाही? एका ठिकाणी मी "मँट इज सेड दॅट ही" असंही लिहिलंय, ते कानाला खटकतंय पण का ते सांगता येत नाही. आणि "इज टोल्ड टू" चालेल का?

प्रतिसाद : फतेहगंजवाला

ताई, "टोल्ड टू" अजिबात नको हं, त्याचा अर्थ सांगितलं गेलं म्हणजे हुकूम दिला असा होतो, "ही इज टोल्ड टू गो" म्हणजे त्याला जा सांगितलंय. ऐकीव गोष्टीला "सेड"च. "सपोज्ड टू" चालतं पण त्याला दोन तोंडं आहेत, राजवाडा बकिंगहॅमच्या चौपट आहे म्हणे यालाही सपोज्ड टू आणि वॉचमनने इथे उभं राहायला पाहिजे यालाही सपोज्ड टू. आणि लिहिताना शेवटचा डी विसरू नका, बोलताना ऐकू येत नाही म्हणून खूप जणांचा गळतो.

प्रतिसाद : जुना मास्तर

३१ वर्षं इंग्रजी शिकवलं म्हणून जरा सविस्तर लिहितो. सॉफ्टवेअरचं ऐकू नका, निदान इथे तरी. "बिलीव्ह" दोन्हीकडून वापरता येतं, "पीपल बिलीव्ह हिम टू बी ऑनेस्ट" आणि "ही इज बिलीव्ह्ड टू बी ऑनेस्ट". "से"चं तसं होत नाही. "पीपल से हिम टू बी ऑनेस्ट" असं इंग्रजीत म्हणतच नाहीत. ही रचना पॅसिव्हमध्येच जगते, मग ती सुलटी करून कशी देणार? सुलटं करायचंच तर "पीपल से दॅट" करून वाक्य नव्याने बांधावं लागतं.

तुमचं खटकणारं वाक्य दोन रचनांची मिसळ आहे. "इट"ने सुरुवात केली तर "इट इज सेड दॅट ही", माणसाने केली तर "मँट इज सेड टू". "मँट इज सेड दॅट" होत नाही.

"हॅव"चं असं की गोष्ट आज असलेली असेल तर "इज सेड टू बी", घडून गेलेली असेल तर "इज सेड टू हॅव". मँट "इज सेड टू हॅव किल्ड हिमसेल्फ". यात बोलणं आजचं, घटना तेव्हाची. लोक तेव्हा बोलायचे, आता कोणी बोलत नाही, असं असेल तर पहिलं "इज"ही "वॉज" करा. नानांच्या वहीत हे दोन्ही प्रकार असणार, एकेक त्यांनाच विचारा.

आणि "इज नोन टू" चुकूनही लावू नका. "सेड"मध्ये लिहिणारा बाजूला उभा असतो, "नोन" म्हटलं की तो स्वतः हमी देतो.

प्रतिसाद : इंदूरकर

मास्तरांशी सहमत, पण २६ वेळा जास्तच होतं बरं का. विकिपीडियावर असं वाक्य टाकलं की लगेच कोणीतरी "बाय हूम" अशी खूण लावून जातं आणि मला ती खूण आवडते. कोण म्हणतं हे नानांना आठवत असेल तर त्या माणसालाच कर्ता करा, तुमचा पॅसिव्हही आपोआप जाईल. बाकी हिंदीत "कहा जाता है", तुमच्या गुजरातीत "कहेवाय छे", आपणच तेवढे साधं "म्हणतात" म्हणतो, त्यामुळे पॅसिव्ह आपल्याला जड वाटतं. हल्ली मराठीत "म्हटले जाते" लिहितात ते मला तरी परकं वाटतं.

प्रतिसाद : फतेहगंजवाला

अजून एक राहिलं. सयाजीरावांच्या आधीचे महाराज मल्हारराव, त्यांचं प्रकरण वहीत असेलच, रेसिडेंट (इंग्रज सरकारचा दरबारातला प्रतिनिधी) फेअरच्या सरबतात विष घातल्याचं? तिथे "इज सेड टू" नका लावू. रीतसर आरोप झाला होता, १८७५ला कमिशन बसलं, तीन इंग्रज सदस्यांनी दोषी धरलं, तीन हिंदी सदस्यांनी नाही. म्हणून "वॉज अक्यूज्ड ऑफ". विष घातलं की नाही याचा वाद राहू दे, आरोप झाला याला "म्हणे" लागत नाही.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी नानांजवळ वही घेऊन बसले आणि प्रत्येक "म्हणे"ला विचारलं, हे कोणी सांगितलं? २६पैकी ११ तर त्यांच्या आजीनेच सांगितलेली निघाली, तिथे आता "माय ग्रँडमदर युज्ड टू से" केलंय आणि ती पानं किती जिवंत झालीत काय सांगू, मला माहीतच नसलेली पणजी त्यात बोलायला लागली. चार ठिकाणी "वॉज सेड टू" झालं. गोपाळरावांच्या उत्तराला आणि मँटला "इज सेड टू हॅव" ठेवलं. मँटचं वाक्य नानांनी दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "हं, आता बराबर."

मल्हाररावांच्या पानावर त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं. मराठीत लिहिलेलं "म्हणे" स्वतःच्या हाताने खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, "असा आरोप होता."