पॉलिसी घ्या म्हणे! (जनआरोग्य विरुद्ध मेडिक्लेम)

घाटावरचा: काल इथे एका महाशयांनी लिहिलं, ५ लाखांपर्यंत मोफत उपचारांची सरकारी योजना (महात्मा फुले जनआरोग्य) म्हणजे फुकट्यांची सोय, शहाण्याने मेडिक्लेम, म्हणजे खाजगी आरोग्य विमा घ्यावा. डोकंच फिरलं. बाबांची पॉलिसी १४ वर्षं, एक क्लेम नाही. अँजिओप्लास्टीच्या वेळी पॉलिसीतली रूमची लिमिट दिवसाला ५०००, तसली रूम रिकामी नव्हती म्हणून ८०००ची घेतली, वाटलं वरचे ३००० आपण भरू, तर औषधं नि स्टेंट सोडून डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर सगळंच त्या प्रमाणात कापलं! रुपयामागे साडेसदतीस पैसे. त्यापेक्षा फुले योजना १ जुलै २०२४ पासून पांढऱ्या रेशनकार्डालाही आहे, ती नीट चालवा म्हटलं तर आम्ही फुकटे?

मेडिक्लेमवाला: तो महाशय मीच, आणि परत म्हणतो. मामांना योजनेतल्या हॉस्पिटलात नेलं होतं, आरोग्यमित्राची (तिथे योजनेचं काम बघणाऱ्याची) खुर्ची रिकामी, "योजनेतला बेड नाही". कॅश भरतो म्हटल्यावर अर्ध्या तासात बेड! योजनेत उपचारांचे ठरवून दिलेले पॅकेजचे रेट परवडत नाहीत म्हणतात हॉस्पिटलवाले. आणि साहेब, रूमची अट पॉलिसीत छापलेली असते, वाचायची असते.

घाटावरचा: चाळीस पानं, मुंगीएवढी अक्षरं. तुम्ही वाचलीत?

मेडिक्लेमवाला: वाचली. म्हणून रूम लिमिट नसलेली घेतली.

रत्नांग्रीकरीण: तुमचं रूम-रूम संपलं असेल तर बोलू? आमच्याकडे आधी हॉस्पिटल तर हवं. सरकारीत ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत, छान, पण मशीन आहे नि सोनोग्राफी करणारा डॉक्टर नाही. सहा महिन्यांची पोटुशी असताना एसटीने कोल्हापूरला गेलेय मी. विम्याचं कार्ड काय पोटावर फिरवू? तो पैसा खाजगीवाल्यांना देण्यापेक्षा डॉक्टर नेमा.

मेडिक्लेमवाला: ताई, हे मात्र पटलं. पण प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी इतकी वर्षं आम्हीच भरला, २०२५च्या सप्टेंबरात सुटलो, त्याचं कुणाला काही नाही.

घाटावरचा: आला टॅक्सवर! टॅक्स काय तुम्ही एकटेच भरता? माचिसच्या पेटीवरही लागतो तो.

मेडिक्लेमवाला: मग सोडा ना पॉलिसी. बघू हिंमत.

घाटावरचा: नाही सोडत. मामांच्या बेडचं मान्य, तसं होतं. बाबा पुढच्या वर्षी ७०चे होतील, तेव्हा केंद्राच्या आयुष्मान योजनेचं ७० वर्षांवरच्यांचं कार्ड काढणार, त्याला उत्पन्नाची अट नाही नि प्रायव्हेट पॉलिसी असली तरी मिळतं.

मेडिक्लेमवाला: म्हणजे दोन्हीकडून. वा!

घाटावरचा: मामांचं वय किती हो?

मेडिक्लेमवाला: ७३. कुठे काढायचं ते कार्ड?