सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावरून मालवणला आईला घेऊन जायचंय, जमेल का?

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, ट्रेनमध्ये रात्रभर बसवत नाही, म्हणून पुण्याहून चिपीला विमानाने न्यावं म्हणतोय. गणपतीला. कोणी गेलंय का? उतरल्यावर रिक्षा मिळते का?

सड्यावरचा:
दादा, नक्की जा. आमचं घर विमानतळाजवळच, परुळ्यात. ९ ऑक्टोबर २०२१ ला विमानतळ सुरू झाला तेव्हा अख्खा गाव सड्यावर (कातळाच्या पठारावर) उभा होता, माझी आजी पण. धावपट्टी चांगली २५०० मीटरची आहे. पण बाहेर रिक्षाच्या भरवशावर राहू नका, गाडी आधीच सांगून ठेवा, ड्रायव्हरला फोन करून वेळ परत एकदा कन्फर्म करा.

मेघना:
गणपतीत पाऊस असतो हे धरून चला. गेल्या वर्षी आमचं विमान ढगांमुळे उतरलंच नाही, दोन घिरट्या घातल्या, खाली लाल कातळ दिसला आणि परत पांढरं, शेवटी दुसरीकडे उतरवलं आणि पुढचा प्रवास आमचा आम्हीच केला, सासूबाईंचे फार हाल झाले. व्हीलचेअर बुकिंग करतानाच मागा आणि औषधं हातातल्या बॅगेत ठेवा.

सड्यावरचा:
हे खरंय. गोव्यातल्या मोपा विमानतळाचा पर्याय पण बघून ठेवा, तिथून जानेवारी २०२३ पासून विमानं आहेत, पण मालवण लांब पडतं. मला मनापासून वाटतं की चिपी टिकावं. उडानमध्ये, म्हणजे छोट्या शहरांच्या विमानसेवेसाठीच्या केंद्राच्या योजनेत, कंपनीला सबसिडी तीनच वर्षं असते, नंतर विमान भरलं नाही तर कंपनी कशाला थांबेल? म्हणून आपल्या माणसांनीच तिकीट काढायला हवं.

मूळ प्रश्नकर्ता:
आभार. गाडी सांगतो, एक दिवस हातात ठेवून चतुर्थीच्या आदल्या दिवशी पोचतो.