मधली सुट्टी: तुमच्या शाळेत काय चालायचं?

लेकीच्या शाळेतून परवा डब्याचं टाइमटेबल आलं. सोमवारी पोळीभाजी, मंगळवारी मोड आलेलं काहीतरी, बुधवारी इडली, आणि खाली ठळक अक्षरात की चिप्स, बिस्किटं, मॅगी चालणार नाही. सुट्टी वीस मिनिटं, त्यात हात धुवायची रांग, आणि खायचं वर्गातच, मैदानावर सोडत नाहीत कारण कोणी पडलं की पालक भांडायला येतात (म्हणजे आम्हीच). तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की उधारी, वाटणी, भांडण मिटवणं, चेहरा न हलवता थाप मारणं हे सगळं मी मधल्या सुट्टीत शिकले, तासाला नाही. तर लिहा. नव्या पुस्तकांचा वास आणि गेले ते दिवस एवढं कृपया नको, खूप झालंय ते. काय खाल्लं, काय खेळलात, कोणाला खेळात घेतलं आणि कोणाला नाही ते सांगा.

ज्वारीवाला
आम्ही बीडकडचे, जिल्हा परिषदेची शाळा. मध्यान्ह भोजन १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं पण आम्हाला शिजवलेलं काही नव्हतं मिळत, महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा आणि त्याला ८० टक्के हजेरी लागायची. घरात रोज भाकरी, भात म्हणजे सण नायतर पाहुणा. त्यामुळं वाटपाच्या दिवशी अख्खी शाळा हजर, ताप आलेली पोरंबी पिशवी घेऊन. ऊसतोडीला जाताना आई मला आजीपाशी ठेवून जायला लागली त्यात या ८० टक्क्यांचा वाटा होता, हे ती अजून कबूल करती. खिचडी शिजायला लागली तोवर मी हायस्कूलला, मग धाकट्याची मजा झाली. घरून ताटली न्यायचा आणि येताना ती वाजवत यायचा.

खडूवाल्या बाई
मी जिप शाळेवर शिकवते, तर दुसऱ्या बाजूने लिहिते. योजनेचं नाव २०२१ पासून पीएम पोषण झालंय, पण पोरं, पालक, आम्ही सगळे खिचडीच म्हणतो. पहिली ते पाचवीला मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, हे सगळं रोज लिहायचं. वाढायच्या आधी आम्ही चव घ्यायची आणि तीही रजिस्टरला लिहायची. चव बघायला आलेल्या एका पालकाने प्रामाणिकपणे "मीठ कमी" लिहिलं तर वरून खुलासा मागवला, तेव्हापासून आमच्याकडे मीठ कधीच कमी नसतं.
नोव्हेंबर २०२३ ला आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरलं, न खाणाऱ्यांना केळं. अंड्याच्या दिवशी पट भरलेला असायचा. केळंवाल्या यादीतली काही पोरं हळूच अंडं मागायची, मी द्यायचे, घरी कळवायच्या भानगडीत पडले नाही. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्याचे पैसे देणं थांबवलं. पोरं अजून विचारतात, बाई अंडं कधी. याचं उत्तर कोणत्या रजिस्टरला लिहू?

सुकट
मुंबई, इंग्रजी मीडियम. आई कोकणातली, डब्याला कधीमधी सुका जवळा नाहीतर बोंबलाची चटणी. झाकण उघडलं की पुढच्या बाकावरच्या मुली नाक दाबून उठायच्या, म्हणजे अगदी ठरवून, एकीने उठलं की सगळ्यांनी. शाळेत लेखी नियम नव्हता पण टीचरनी आईला बोलावून "थोडं अॅडजस्ट करा ना" असं गोड आवाजात सांगितलं. मग पाचवीपासून दहावीपर्यंत पोळीभाजी. गंमत म्हणजे त्यातल्याच दोघी आता माझ्याकडे जेवायला आल्या की सुकट आहे का म्हणून आधी विचारतात. मी वाढते, पण आठवण करून दिल्याशिवाय नाही.

मागचा बाक
सुकटताईंचं वाचून लिहितोय, नाहीतर लिहिणार नव्हतो. आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी आमच्या वस्तीतल्या. गावातल्या ठरावीक घरांची पोरं घरून डबा आणायची. का, तर खिचडी पोटाला सोसत नाही. सगळ्यांचीच पोटं नाजूक, आणि सगळी एकाच गल्लीतली. गुरुजींनी कधी काही म्हटलं नाही आणि आम्हीही नाही. दुपारनंतर कबड्डीला मात्र तीच पोरं आमचे पाय धरून ओढायची, तिथं काही अडत नव्हतं.

पेप्सीकोला
वातावरण फार गंभीर झालंय, जरा खेळाचं बोलू. आमच्याकडं कोल्हापुरात मधल्या सुट्टीत पोरांची लगोरी नायतर आबाधुबी, पोरींची जिबली, आणि पाऊस असला की वर्गात बुक क्रिकेट, म्हणजे पुस्तक उघडायचं आणि डाव्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक म्हणजे रन, शून्य आला की आऊट, आठाला काय द्यायचं यावर रोज भांडण कारण कोणी म्हणायचं एक रन, कोणी म्हणायचं नो बॉल. इतिहासाचं पुस्तक कोणी घ्यायचं नाही, पातळ असायचं, हाताला सवय झाली की बोट बरोबर सहावर पडायचं. आमचा एक दोस्त असंच शतक ठोकायचा आणि पेपरात ३५ ला लटकायचा.
गेटबाहेर आजी बसायची, बोरं, चिंचा, आवळा, मीठ लावलेली कैरी. आठ आण्याला पेप्सीकोला, म्हणजे रंगीत बर्फाची लांबडी पिशवी, दातानं कोपरा फोडायचा, जीभ केशरी व्हायची आणि सर जीभ बाहेर काढायला लावून चोर पकडायचे. आजीची उधारी मात्र कोणी बुडवली नाही. ती घरी यायची!!

दोन वेण्या
मुलींसाठी मधल्या सुट्टीतला मोठा प्रश्न डबा नव्हता, संडास होता. आमच्या हायस्कूलला मुलींचा वेगळा होता पण कडी नाही आणि पाणीही नाही. एक आत गेली की दुसरीने दार धरायचं, त्यामुळे मैत्रीण जपावी लागायची. पाळी आली की त्या दिवशी घरीच. सकाळी निघताना पाणी प्यायचं नाही आणि शाळेतही प्यायचं नाही, मग संध्याकाळी घरी आल्यावर तांब्याच्या तांब्या. शिक्षण हक्क कायद्यात मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह लिहिलंय, पण दार धरायला कोण हे कायद्यात नाही.

बॅच २०२१
मी इथे सगळ्यात लहान दिसतोय. आमची दहावीच झाली नाही, कोरोनामुळे परीक्षा रद्द, नववी आणि अंतर्गत मार्कांवर निकाल लागला आणि राज्याचा लागला ९९.९५ टक्के, त्यामुळे काका लोक अजून टोमणे मारतात. ऑनलाइनमध्ये मधली सुट्टी म्हणजे कॅमेरा बंद करून स्वयंपाकघरात जायचं. एकच मोबाईल, मी आणि बहीण, तिची सुट्टी माझ्या गणिताच्या तासाला यायची. मग शाळा उघडली तर सूचना आली की डबा कोणाशी शेअर करायचा नाही. आम्ही दोन बाकांच्या अंतरावर बसून समोरासमोर चव सांगायचो, "भेंडी आहे, कुरकुरीत". तिसऱ्या दिवशी कोणीतरी भेंडी फेकली आणि अंतर संपलं.

खडूवाल्या बाई
@पेप्सीकोला, बुक क्रिकेट अजून जिवंत आहे. २०२३ ला पुस्तकांचे चार भाग केले आणि मधे वहीसारखी कोरी पानं घातली, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून. आमच्या तेव्हाच्या सहावीने लगेच नियम काढला होता की कोरं पान आलं तर फ्री हिट. आठाचं भांडण तेवढं तसंच आहे.